वास्तुकलेचे अध्यापन, व्यवसाय आणि संशोधन : सांगलीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीतील एका वास्तुकला महाविद्यालयात शिकवत असताना मी एक लहानसे कार्यालय चालवतो आणि कृष्णाकाठच्या इमारतींचा अभ्यास करतो. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, नुकतेच पदवीधर झालेले तरुण आणि त्यांचे पालक या तिहेरी कामाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

वास्तुकलेचा प्राध्यापक नेमके काय शिकवतो?

बांधकाम साहित्य, इतिहास, संरचना, हवामान आणि इमारत सेवा हे विषय वर्गात शिकवले जातात. परंतु अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे डिझाइन स्टुडिओ. तेथे शिक्षक फळ्यासमोर उभा राहून व्याख्यान देत नाही, तर विद्यार्थ्याच्या टेबलाशी बसून त्याचे रेखाटन वाचतो. एखाद्या मुलीने नदीजवळच्या शाळेचा छेद (इमारत उभी कापल्यास दिसेल ते रेखाटन) काढून आणला आणि त्यात जमिनीची रेघ सरळ आडवी ओढली असेल, तर पहिला प्रश्न जमिनीचा असतो: उतार कोणत्या बाजूला आहे, पावसाचे पाणी कोठून येते, जोत्याची उंची कशावरून ठरवली? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना तिचा आराखडा बहुधा मुळापासून बदलतो. असे प्रश्न विचारण्यासाठी शिक्षकाने स्वतः जमिनी पाहिलेल्या असाव्या लागतात आणि या लेखातील पुढील बहुतेक उत्तरे त्याच मुद्द्याशी येऊन मिळतात.

या नोकरीसाठी पात्रता काय लागते?

बी.आर्क. ही पाच वर्षांची, दहा सत्रांची पदवी आहे. प्रवेशासाठी नाटा (वास्तुकलेची अभिरुची चाचणी) किंवा जेईई मेनचा वास्तुकलेचा पेपर द्यावा लागतो. अध्यापनासाठी त्यापुढे सामान्यतः एम.आर्क. आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर या वास्तुविशारदांच्या वैधानिक संस्थेकडील नोंदणी अपेक्षित असते; वरच्या पदांसाठी अनुभव आणि संशोधन विचारात घेतले जाते. सविस्तर निकष कौन्सिलच्या २०२० च्या किमान दर्जाविषयक विनियमांत आणि संबंधित विद्यापीठाच्या नियमांत असतात. अर्ज करताना त्या वेळी लागू असलेला मजकूर स्वतः वाचावा, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

नोंदणीबाबत एक स्पष्टता हवी. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ च्या कलम ३७ नुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी वापरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मधील निकालात हे कलम उपाधीच्या वापरापुरते आहे, असा अर्थ लावला. त्यामुळे शिकवणाऱ्याने आणि व्यवसाय करणाऱ्याने नोंदणी वेळेवर नूतनीकृत ठेवणे हाच सरळ मार्ग आहे.

पूर्णवेळ शिकवताना स्वतःचा व्यवसाय करता येतो का?

तत्त्वतः करता येतो. कौन्सिलच्या १९८३ च्या विनियमांतच संस्थांनी शिक्षकांना व्यावसायिक कामात आणि संशोधनात सहभागी होण्यास प्रोत्साहन द्यावे, अशी भूमिका घेतलेली होती. वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षक रुग्ण तपासतो, तसाच हा संबंध आहे. मात्र प्रत्यक्ष परवानगी नेमणूक करणारी संस्था देते आणि सेवाशर्ती संस्थेनुसार वेगळ्या असतात. रुजू होण्यापूर्वीच हे लेखी विचारावे, कामांची माहिती संस्थेला देत राहावे आणि महाविद्यालयाच्या वेळेत साइटवर जाण्याची सवय लावून घेऊ नये.

व्यवसाय न करता चांगले शिकवता येत नाही का?

इतिहास, सिद्धान्त, हवामानशास्त्र हे विषय केवळ अभ्यासाच्या बळावर उत्तम शिकवणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. बांधकाम आणि डिझाइन या दोन विषयांबाबत मात्र माझे मत ठाम आहे: ज्याने अलीकडच्या काळात इमारत बांधून घेतलेली नाही, त्याच्या शिकवण्यात हळूहळू पुस्तकी कोरडेपणा येतो.

सांगलीचेच उदाहरण घ्यावे. येथील बराच भाग खोल काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते; तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन-तीन वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. पुस्तकात यावर अंडररीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर कंद असलेले खांब, हा उपाय दिलेला असतो आणि तो योग्यच आहे. पण शामरावनगरसारख्या सखल वस्तीत एखाद्या शिक्षकाला किंवा छोट्या दुकानदाराला घर बांधायचे असते, तेव्हा मुरूम किती खोलीवर लागेल, खड्ड्यात पाणी लागले तर उपसा कसा करायचा, जोत्याच्या पातळीवरची तुळई किती जाड ठेवायची आणि या सगळ्यात मालकाचे कर्ज पुरेल का, हे प्रश्न एकाच वेळी समोर उभे राहतात. मिस्त्री म्हणतो, “साहेब, अजून दोन फूट गेलो तर मुरूम लागतोय बघा,” आणि ते दोन फूट खणायचे की नाही, हा निर्णय तेथेच घ्यावा लागतो. असा निर्णय घेतलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी पायाचे प्रकरण वेगळ्या रीतीने शिकवतो. कोणती माहिती निर्णायक असते आणि कोणती केवळ परीक्षेपुरती, हा विवेक त्याच्या बोलण्यात आपोआप उतरतो.

संशोधन म्हणजे पीएच.डी.च का?

पीएच.डी. हा संशोधनाचा एक मान्यताप्राप्त टप्पा आहे आणि पदोन्नतीसाठी त्याचे महत्त्व आहे. परंतु संशोधनाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होऊ शकते. जी गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे आणि तरीही कोणी नीट मोजून, रेखाटून, समजून घेतलेली नाही, ती निवडावी.

हरिपूर आणि सांगलीवाडी येथील हळदीची पेवे हा अशा विषयांतला माझ्या आवडीचा विषय आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि या हळदीच्या व्यापाराशी पेवांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले कोठार: तोंड माणूस उतरेल एवढेच अरुंद, आत मात्र पोट चांगले रुंद. आतून सारवण करतात, गवताचे अस्तर लावतात, हळद भरतात आणि तोंड मातीने बंद करतात. आतली हवा कोंडली जाते, त्यामुळे कीड लागत नाही आणि तपमानही फारसे बदलत नाही. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही. कोंदट, प्राणवायू संपलेली हवा निघून जाईपर्यंत थांबतात. विटा नाहीत, सिमेंट नाही, वीज नाही आणि तरीही वर्षानुवर्षे माल टिकवणारी ही वास्तू आहे. तिला वास्तू म्हणण्यात मला कसलाही संकोच वाटत नाही.

आता यातून संशोधनाचे प्रश्न कसे निघतात ते पाहावे. हरिपूर कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर आहे. नदीकाठच्या या मातीत एवढी पोकळी आधाराशिवाय कशी उभी राहते? तोंडाचा व्यास आणि पोटाचा व्यास यांचे गुणोत्तर काय असते? एका पेवापासून दुसरे पेव किती अंतरावर ठेवतात? २००५ च्या महापुरात पाणी शिरून यांतील पुष्कळ पेवे आणि त्यांतील हळद खराब झाली आणि व्यापार गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला. म्हणजे जे उरले आहे ते वेळेत नोंदवणेही आवश्यक आहे. पेवात काम केलेल्या वयस्क माणसांना हे ज्ञान तोंडपाठ आहे, पण ते कोणत्याही नकाशात उतरलेले नाही. विद्यार्थ्यांनी टेप आणि ओळंबा घेऊन एका रिकाम्या पेवाचा छेद काढला, तर त्या एका रेखाटनातून भूमितीही शिकता येते, मृदाशास्त्रही आणि व्यापाराचा इतिहासही.

तिन्ही कामे एकमेकांना पूरक कशी होतात? एखादे ठोस उदाहरण द्याल का?

माझ्या बाबतीत तो दुवा पूर हाच आहे. तीन वेगवेगळे विषय घेऊन तीन कामे केली तर माणूस दमून जातो. एकच प्रश्न तिन्ही ठिकाणी नेला तर प्रत्येक काम दुसऱ्याची तयारी ठरते.

सांगलीत कृष्णेचे पाणी १९२९ च्या आयर्विन पुलापाशी मोजले जाते. तेथील इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा मोठा पूर आला. हे आकडे सांगलीकरांना पाठ असतात. पण पुलाजवळची फुटातील पातळी आणि गावभागातील एखाद्या घराचे जोते यांचा संबंध घरमालकाला कोणी समजावून सांगत नाही. पुलावरचा आकडा तेथील मोजपट्टीच्या शून्यापासूनचा असतो, तर बांधकामाच्या नकाशातील पातळ्या मीटरमध्ये आणि वेगळ्या संदर्भबिंदूपासून घेतलेल्या असतात. दोन्ही एका मापात आणल्याशिवाय जोत्याची उंची ठरवणे म्हणजे केवळ अंदाज.

येथे संशोधन सुरू होते. पूर ओसरल्यावर भिंतींवर गढूळ पाण्याची रेघ राहते. पुष्कळ घरांत ती वर्षासह जपून ठेवलेली असते. या खुणा एका पक्क्या संदर्भबिंदूपासून मोजायच्या असतात. ऑटो लेव्हल हे पातळी मोजण्याचे यंत्र असेल तर उत्तमच. पण बोळात यंत्र लावायला जागा नसते तेव्हा मिस्त्री वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईपच कामाला येतो. एक विद्यार्थी पाईपचे टोक पुराच्या खुणेशी धरतो, दुसरा ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेतो, पाइपात हवेचा बुडबुडा राहिला नाही याची दोघेही खात्री करतात आणि पाणी स्थिर झाल्यावर खडूने खूण केली जाते. अशा खुणा जोडत गेल्यावर वस्तीचा जो छेद तयार होतो, तो नकाशात कधीच दिसत नाही: कोणत्या गल्लीत पाणी नदीच्या बाजूने आले, कोठे ते ओढ्यातून मागून चढले, कोणते घर पाण्याबाहेर राहिले आणि का.

हाच छेद पुढच्या सत्रात स्टुडिओचा विषय होतो. मारुती चौकाच्या परिसरात दुकान आणि वर राहते घर अशा इमारतीचा आराखडा करायचा. तळमजला पाण्याखाली जाणारच हे गृहीत धरायचे. मग विजेचा मीटर कोठे बसवायचा, जिना कोणत्या बाजूला घ्यायचा, दुकानातील माल चार तासांत वर कसा न्यायचा, पाण्याच्या टाकीत पुराचे पाणी शिरू नये म्हणून काय करायचे, हे प्रश्न मुलांना खरे वाटतात, कारण त्यांतील कित्येकांच्या घरी हे घडलेले असते.

आणि व्यवसायात त्याचा उपयोग थेट होतो. महाराष्ट्रात निळी पूररेषा २५ वर्षांत एकदा आणि लाल पूररेषा १०० वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुरावरून ठरते. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध क्षेत्र असतो. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधकामास परवानगी देताना राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवण्याची अट असते. आता ‘१०० वर्षांत एकदा’ म्हटल्यावर घरमालक हमखास म्हणतात, “२०१९ ला येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही येणार.” त्यांना सांगावे लागते की याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता असा आहे, ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता साधारण २६ टक्के निघते. हे गणित मी प्रथम वर्गासाठी मांडले होते. आज ते जोत्याच्या उंचीवर बोलताना मालकाच्या ओसरीवर बसून सांगतो आणि त्याचा परिणाम नियमाच्या कलमापेक्षा अधिक होतो.

जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीबाबतही हेच. पुरानंतर मातीच्या भिंतींवर घाईने सिमेंटचा गिलावा केला जातो. आत मुरलेले पाणी त्यामुळे बाहेर पडत नाही, भिंतीला लोणा लागतो आणि आतली माती सैल होत जाते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. म्हणून भिंत पूर्ण वाळू देऊन मग चुन्याचेच काम करावे, हा आग्रह मी धरतो. त्यासाठी मालकाला काही महिने थांबायला लावावे लागते आणि ते सोपे नसते.

वेळेचे नियोजन कसे करता?

कामे कमी घेऊन. दुसरा उपाय मला माहीत नाही. एका वेळी किती कामे चालू ठेवायची याची मर्यादा आधीच ठरवावी आणि स्टुडिओच्या दिवशी साइटवर जाणे टाळावे. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात, तेव्हाच नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते. ज्यूरी (विद्यार्थ्यांच्या आराखड्यांचे समोरासमोर परीक्षण) आणि सबमिशनच्या आठवड्यांत कार्यालयातील सहकाऱ्यावर भिस्त ठेवावी लागते. उन्हाळ्याची सुट्टी मोजमापासाठी राखून ठेवलेली बरी. लिखाण मात्र सुट्टीवर ढकलू नये. जे मोजले त्याची टिपणे त्याच आठवड्यात लिहिली नाहीत, तर आकडे उरतात आणि त्यांचा अर्थ निसटतो.

विद्यार्थ्यांना प्राध्यापकाच्या कार्यालयातील कामाला लावणे योग्य आहे का?

ज्या विद्यार्थ्याचे गुण आपल्या हातात आहेत, त्याच्याकडून खासगी कामाची रेखाटने करून घेणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते. मग तो विद्यार्थी आनंदाने तयार असला तरीही. प्रात्यक्षिक प्रशिक्षणाचे सत्रही त्याने दुसऱ्या कार्यालयात करावे, म्हणजे त्याला वेगळी पद्धत पाहता येते. साइट दाखवायला संपूर्ण वर्ग न्यावा, निवडक मुले नव्हेत. सामूहिक मोजमापातून तयार झालेल्या रेखाटनांवर सर्वांची नावे असावीत आणि शोधनिबंधातही तो उल्लेख गाळला जाऊ नये. घरमालकाच्या घराची रेखाटने वर्गात दाखवायची असतील तर त्याची आधी परवानगी घ्यावी. हे संकेत लिहून ठेवलेले नसले तरी संस्थेतील सर्वांना ते ठाऊक असावेत.

असे तिहेरी काम यशस्वीपणे केलेली मोठी माणसे कोण?

मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्लॉड बॅटली प्राध्यापक आणि प्रमुख होते; त्याच काळात ते ग्रेगसन, बॅटली अँड किंग या नामांकित कार्यालयाचे भागीदारही होते. भारतीय इमारती प्रत्यक्ष मोजून त्यांची रेखाटने करण्याचा त्यांचा आग्रह विद्यार्थ्यांच्या पिढ्यांमध्ये रुजला.

दुसरे आणि माझ्या मते सर्वांत पूर्ण उदाहरण बाळकृष्ण दोशी यांचे. १९२७ मध्ये पुण्यात जन्मलेले दोशी जे. जे. मध्ये शिकले, अहमदाबादेत त्यांनी कार्यालय थाटले, १९६२ मध्ये तेथेच वास्तुकलेची शाळा उभी केली आणि १९७८ मध्ये संशोधनासाठी वास्तुशिल्प फाउंडेशन स्थापन केले. इंदूरच्या अरण्य वसाहतीत ही तिन्ही अंगे एकत्र दिसतात. आधी शहरातील गरीब वस्त्यांमध्ये लोक घर टप्प्याटप्प्याने कसे वाढवतात, ओटा आणि गल्ली कशी वापरतात याचा अभ्यास झाला. मग आराखड्यात कुटुंबांना भूखंड, जोते आणि शौचालयाचा गाभा देऊन पुढची वाढ त्यांच्या हाती सोपवली गेली. या वसाहतीला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला आणि दोशींना २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार देण्यात आला.

सांगलीसारख्या गावात राहून संशोधनाला वाव मिळतो का? पुण्याला गेलेले बरे नाही का?

ग्रंथालये, प्रयोगशाळा आणि परिसंवाद यांबाबत पुणे-मुंबई पुढे आहेत, हे मान्य करावे लागते. अभ्यासाचा विषय मात्र येथे दाराशी असतो. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांची घरे आहेत, जेथे राहणे, भोपळे वाळवणे आणि वाद्य जुळवणे एकाच छपराखाली चालते. साताऱ्याजवळ लिंब येथे १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली बारा मोटांची विहीर आहे. अष्टकोनी विहिरीला जोडूनच महाल असलेली ती वास्तू एका दिवसाच्या सहलीत पाहून येता येते, पण मोजायला घेतली तर सबंध वर्ग गुंतून राहतो. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट त्याच वाटेवर पुढे आहेत. एवढे साहित्य हाताशी असताना विषय मिळत नाही म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी आपलीच गल्ली मोजून आणायला सांगतो.

उत्पन्नाचे काय?

पगार नियमित मिळणारी संस्था असेल तर तो आधार मोठा असतो, कारण त्यामुळे व्यवसायात नको ते काम नाकारता येते. सर्वच खासगी संस्थांत वेतन वेळेवर आणि पूर्ण मिळते असे नाही, म्हणून रुजू होण्यापूर्वी तेथील शिक्षकांशी बोलावे. संशोधनातून थेट पैसे क्वचितच मिळतात.

नव्याने शिकवू लागलेल्याने पहिल्या काही वर्षांत काय करावे?

प्रथम दोन-तीन वर्षे एखाद्या चांगल्या कार्यालयात पूर्णवेळ काम करून, किमान एक इमारत पायापासून ताबा देईपर्यंत पाहावी आणि मगच अध्यापनात यावे. आल्यावर लगेच स्वतःचे कार्यालय उघडण्याची घाई करू नये. स्टुडिओ हाताळण्याची रीत बसायला वेळ लागतो. संशोधनासाठी घरापासून सायकलीने जाता येईल एवढ्या अंतरावरचा विषय निवडावा, म्हणजे तेथे वारंवार जाणे होते. केलेली मोजमापे घरमालकाला मराठीत लिहिलेल्या छोट्या अहवालासह द्यावीत. इंग्रजी नियतकालिकातील निबंध विद्यापीठासाठी आवश्यक आहे. पण ज्याच्या भिंतीवरून आपण पुराची रेघ मोजली, त्याला आपल्या घराचे जोते किती उंच हवे हे त्या अहवालातूनच कळते आणि पुढच्या वेळी तोच शेजारच्या चार घरांची दारे उघडून देतो.